तुझ्या नावाची नळी

आई, तुझं थोडंसं रक्त अजून आहे हे मला कळलं तेव्हा मी पोळ्या लाटत होते. स्टेशनजवळचं ते पोळीभाजी केंद्र आठवतं ना, ज्याच्यासमोरून जाताना तू बोलायचीस, "बघ, लोकांना घरी पोळी लाटायला पण फुरसत नाही." तिकडेच मी आता कामाला असते. आतल्या बाजूला, ओट्याशी. काउंटरवर मला उभं करत नाहीत. मालकिणीला माहितीय की मला गिऱ्हाइकाशी बोलता येत नाही. म्हणजे येतं, पण शब्द तोंडापर्यंत यायला वेळ लागतो आणि तोपर्यंत गिऱ्हाईक दुसऱ्या कुणाशी तरी बोलायला लागलेलं असतं. तर त्या दिवशी बाहेरून हाक आली, "अगं, तुला भेटायला आलंय कोणीतरी, विद्यापीठातून!" आतल्या सगळ्या बायका हसल्या. भाजी करणारी मावशी बोलली, "काय गं, गुपचूप कॉलेज-बिलेज करतेस की काय?" मी नववीत शाळा सोडली हे सगळ्यांना माहितीय, म्हणून तो जोक होता. मी पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर गेले.

बाहेर एक मुलगी उभी होती. पाठीला सॅक, गळ्यात आयकार्ड, आणि तव्याच्या वाफेने चष्मा पांढरा झालेला. तिने चष्मा ओढणीला पुसला आणि तुझं पूर्ण नाव घेतलं. आई, तुझं पूर्ण नाव मी किती वर्षांनी ऐकलं. घरात तुला सगळे नुसतं 'ती' बोलतात. ती असती तर, ती करायची तसं. ही मुलगी बोलली की ती विद्यापीठाच्या सायन्सच्या बिल्डिंगमध्ये रिसर्च करते. खूप वर्षांपूर्वी आपल्या चाळीतल्या बायकांचं रक्त तपासायला नेलेलं, त्यातलं तुझं थोडं अजून त्यांच्या फ्रीजरमध्ये आहे. ते आता नव्या मशीनवर परत तपासायचंय. पण तू नाहीस, म्हणून घरच्यांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही असा त्यांचा नियम आहे. "आधी तुमच्या घरी गेलेले," ती बोलली, "तुझ्या काकींनी इकडे पाठवलं." मी मनात म्हटलं, काकीने हिला चहा तरी विचारला असेल ना. नव्हता विचारला. दारातूनच पाठवलं. काकी असं कुणाशी करत नाही, तुला तर माहितीय. तुला यातलं पुढचं पण माहितीय, मला माहितीय, पण मला जसं कळत गेलं तसंच सांगते.

ते रक्त घ्यायला आलेले तो दिवस मला आठवतो. मी दुसरीत होते. मंडळाच्या हॉलमध्ये टेबलांवर पांढऱ्या चादरी टाकलेल्या, आणि गणपतीच्या मखराचे थर्माकोलचे खांब एका कोपऱ्यात तसेच पडलेले. आपली चाळ कंपन्यांच्या मागे, मागचा नाला कधी निळा कधी गुलाबी, म्हणून विद्यापीठातल्या सायन्सवाल्यांना बघायचं होतं की इथल्या बायकांच्या रक्तात काय काय उतरतं. दोन दिवस चाललेलं ते. रक्त दिलं की प्रत्येक बाईला एक स्टीलचा डबा. झाकणाला क्लिप असलेला. आपल्या घरात दोन डबे आले, काकीचा आणि तुझा. काकीने तिच्या डब्यात मसाला भरला. तुझा तू मला दिलास शाळेसाठी. देताना बोललीस, "हरवलास तर बघ हां, रक्त देऊन आणलाय." आणि मागे ओट्याजवळ काकी एवढी हसली, एवढी हसली की तिला ठसका लागला. मला कळलंच नाही त्यात हसण्यासारखं काय आहे. मी बरेच दिवस तो डबा जपून उघडायचे. मला वाटायचं आतून लाल असेल.

तू कशाला घाबरायची नाहीस. सगळे हेच सांगतात. न्हाणीघरात धामण निघालेली तेव्हा शेजारचे काका खुर्चीवर चढले आणि तू तिला केरसुणीने गटारापर्यंत सोडून आलीस. रेशनच्या दुकानदाराशी तू भांडायचीस, शाळेत बाईंशी बोलायचीस. आणि मी तुझ्या पदराच्या मागे. एकदा तू मला पोहे आणायला पाठवलंस. मी दुकानात गेले, लोकांच्या मागे उभी राहिले, दुकानदाराने माझ्याकडे बघितलंच नाही आणि मी तशीच परत आले. तू कांदा चिरत होतीस. "कुठे आहेत पोहे?" तू सुरी खाली ठेवलीस, मला दारापर्यंत नेलंस आणि बोललीस, "जा परत. तुझ्या जागी कुणी दुसरं जाऊन बोलणार नाही. स्वतःचं तोंड स्वतः उघडायचं." मी परत गेले. पोहे आणले. तू पहिली बशी मला दिलीस. ते वाक्य माझ्या डोक्यात कायम राहिलं. शाळेत उभं राहून वाचायला सांगायचे आणि घसा बंद व्हायचा तेव्हा पण तेच ऐकू यायचं, आणि ऐकू आलं की अजूनच बंद व्हायचा. तू असतीस तर मला हाताला धरून परत शाळेत नेलं असतंस. तू नव्हतीस. पप्पांनी एकदा-दोनदा विचारलं, मग सोडून दिलं.

तुला कावीळ झाली ते डबा आल्यानंतरच्या पुढच्या वर्षी. आधी डोळे पिवळे, मग तू जेवेनाशी झालीस, मग हॉस्पिटल, मग मला मामाकडे पाठवलं, आणि परत आणलं तेव्हा घरात खूप चपला होत्या. तू तेव्हा रंगाच्या कंपनीत पॅकिंगला जायचीस. संध्याकाळी तुझ्या नखांत कधी पिवळं, कधी जांभळं. ते काम तुला पप्पांनी लावून दिलेलं, त्यांच्या टेम्पोच्या ओळखीतून. चाळीतले लोक तेव्हा दबक्या आवाजात बोलायचे, कंपनीने खाल्लं तिला. पप्पांसमोर कोणी नाही बोललं. पण पप्पांनी ते ऐकलेलं. त्यांनी त्या कंपनीच्या रस्त्याने टेम्पो नेणं बंद केलं. अजून नेत नाहीत, लांबून वळसा घालतात. एवढंच. बाकी ते त्याच्यावर कधी काही बोललेले नाहीत.

त्या मुलीने मला बिल्डिंग बघायला बोलावलं. मी तिला मॅडम बोलते, ती बोलते ताई म्हण, मला जमत नाही. ठाण्याहून बस पकडली, घोडबंदरला ट्रॅफिकमध्ये बस जागची हलेना, आणि मला वाटत होतं की नाहीच हलली तर बरं. पण पोचले. आई, तिकडे कोणी मोठ्याने बोलत नाही, मला ते आवडलं. पोरं-पोरी पांढरे कोट घालून आपापल्या टेबलाशी वाकून काम करतात, आमच्या केंद्रात ओट्याशी वाकतो तशीच. मॅडमने मला कॉम्प्युटरवर रेषा दाखवल्या, डोंगरांसारख्या, उंच-छोट्या. बोलली, प्रत्येक बाईच्या रक्तात जे जे आहे त्याचा एकेक डोंगर. प्रत्येकीचे वेगळे. मग तिने दोन चित्रं एकावर एक ठेवली आणि ती एकच झाली. एक तुझं होतं आणि एक काकीचं.

"तुमचं घर मिळालं म्हणून माझा सगळा रिसर्च सुरू झाला," ती बोलली. तिचे डोळे चमकत होते. तिने मला कळेल असं सांगितलं. बोलली, "बघ, या दोघी जावा. एक महाडची, एक मालवणची, रक्ताचं काही नातं नाही. एक दिवसभर कंपनीत, एक दिवसभर घरात. तरी दोघींचं सेम. म्हणजे काय? पीठ वेगळं, लाटणारी वेगळी, पण तवा एकच. पोळीवर डाग तव्याचे पडतात. घरातलं पाणी, हवा, चूल, हे सगळं कामापेक्षा जास्त उतरतंय." तिकडे त्यांचे मोठे सर पण आले, केस पांढरे, ते मला नमस्कार करून बोलले, "तुमच्या मातोश्रींनी आम्हाला फार मोठी गोष्ट दिली आहे." मला एवढं कोणी अहो-जाहो केलेलं नाही कधी. मॅडम पुढे बोलली की जुन्या मशीनवर केलेलं काम लोक मानणार नाहीत, नव्यावर परत करायला हवं. पण तुझं इतकं कमी उरलंय की एकदा लावलं की संपणार. मग काहीच राहणार नाही. "म्हणून घाई नाही, घरी बोल. नाही म्हणालात तरी चालेल."

मला विचारायचं होतं की म्हणजे माझी आई कंपनीमुळे गेली नाही का. ते विचारायला मला खूप वेळ लागला. मॅडम थांबली, तिने वाक्य पूर्ण केलं नाही माझं, लोक करतात तसं. मग बोलली, "असं छातीठोक नाही सांगता येत. पण नुसतं कंपनीमुळे असतं तर काकींच्या रक्तात तेच दिसलं नसतं." मग तिने फ्रीजर दाखवला, कपाटाएवढा. जाड निळे हातमोजे घालून एक खोका काढला, धूर निघाला थंड, आणि त्यातून एक नळी. करंगळीच्या पेरापेक्षा थोडी मोठी. आत तळाला गोठलेलं काहीतरी, लाल नाही, फिकट पिवळं, तुपासारखं. मला पण मोजे दिले आणि नळी माझ्या तळहातावर ठेवली. "पटकन हां, वितळायला नको." मी बघितलं. आई, मला तुझा चेहरा नीट आठवत नाही आता, फोटोतलाच आठवतो. आणि ही तू होतीस, फोटो नाही, तू. मग तिने नळी परत घेतली.

घरी येऊन मी पप्पांना सांगितलं. मला जमेल तसं. ते जेवत होते. घरातलं पाणी, तवा, काकीचं पण सेम, हे सगळं ऐकलं त्यांनी आणि मग बोलले, "म्हणजे कंपनीमुळे नाही?" मी बोलले, मॅडम बोलली छातीठोक नाही सांगता येत. पण ते त्यांनी ऐकलं की नाही माहीत नाही. त्यांनी हात तसाच ताटात ठेवला. मग काकीला बोलले, "वहिनी, अजून थोडा भात घाला." दुसऱ्या दिवशी सकाळी ते टेम्पो पुसताना काहीतरी गुणगुणत होते. पप्पा गुणगुणतात हे मला माहीतच नव्हतं. जाताना मला बोलले, "सांग त्यांना, घेऊ देत. चांगल्या कामाला लागू दे तिचं."

आणि काकीने दोन दिवस काही खाल्लं नाही धड. मला वाटलं तिला तुझी आठवण येतेय. तिसऱ्या दिवशी दुपारी ती सुकट निवडत बसलेली, मी समोर बसले निवडायला. ती एकदम बोलली, "मॅडमला नको म्हणून सांग."

"का? पप्पा हो बोललेत."

"तुझ्या पप्पाला काय कळतंय. नको म्हणून सांग, बस."

"काकी, पण ती शेवटची आहे आईची. तिचं कामाला येतंय तर…"

"नाही गो ती तुझ्या आईची!" काकीने सुकटीचं सूप बाजूला सरकवलं. "माझी आहे ती. दोन्ही माझ्याच आहेत."

मला काही कळेना. मग तिने सांगितलं. पहिल्या दिवशी तुम्ही दोघी रांगेत होता. काकीने दिलं. तुझा नंबर आला, तू सुई बघितलीस आणि बाहेर आलीस. काकी तुला शोधत आली तर तू मागे पाण्याच्या टाकीच्या आड बसलेली, पदर तोंडात धरून, घामाने भिजलेली. "धामण हाकलणारी बाई ती," काकी बोलली, "आणि सुईला बघून लहान पोरासारखी थरथरत होती. मी म्हटलं, अगो काय हे, मुंगी चावल्यासारखं होतं. तर मला हात जोडते. वयनी, तू जा ना, माझं नाव सांग. तुला काय होत नाही. पोरीला डबा पाहिजे, प्लॅस्टिकच्या डब्यातली भाजी सांडते तिची दप्तरात." दुसऱ्या दिवशी काकी दुसऱ्या हाताची बाही वर करून, डोक्यावर पदर घेऊन गेली. टेबलावर वेगळा मुलगा होता. तिने तुझं नाव सांगितलं, तुझं वय सांगितलं, तुझी कंपनी सांगितली. डबा आणला. "आम्ही दोघी किती दिवस हसत होतो. मला काय ठाऊक, एवढ्या वर्षांनी ते परत उघडतील. रक्त म्हणजे काय सांभाळून ठेवायची गोष्ट आहे?" असं बोलून ती हसायला लागली, आणि हसता हसताच रडली. मी पण. सुकटीवर मांजर आली तरी आम्हाला कळलं नाही.

मग काकी डोळे पुसून बोलली, "नको म्हणून सांग, विषय संपला. का ते सांगू नको." आणि थोड्या वेळाने, "नाहीतर हो म्हण. हो म्हण आणि गप्प बस. तिचं काम होतंय, तिची डिग्री होईल. तुझा बाप किती वर्षांनी पोटभर जेवला बघितलंस ना? कुणाचं काय जातंय, माझं रक्त गेलं तर?"

आई, मी खरंच विचार केला गप्प बसायचा. मला गप्प बसायला काही करावं लागत नाही, माझ्यासाठी ते सोपं आहे. पोळ्या लाटताना मी सारखा तोच विचार करायचे. मॅडम खूश, सर खूश, पप्पा गुणगुणतायत. आणि मी पण. मला पण वाटत होतं की जगात कुठेतरी तू आहेस थोडीशी, थंडीत, व्यवस्थित. पण मग मला पोळीचा तवा दिसायचा. मॅडम सगळीकडे तो तवा सांगत फिरेल, मोठमोठ्या लोकांसमोर, आणि तवा खोटा. आपल्यासारख्या दुसऱ्या चाळीतल्या बायकांना उद्या कोणीतरी बोलेल, कंपनीचं काही नाही, तुमच्या घरातलंच आहे. तुझ्या नखांतलं जांभळं मी बघितलंय. त्याच्यामुळे तू गेलीस की नाही मला माहीत नाही. पण त्याच्यामुळे नाही, असं तरी मी कसं सांगू देऊ, काकीच्या रक्तावरून.

म्हणून गेले परत. मॅडमला वाटलं मी हो सांगायला आलेय. तिने खुर्ची दिली, पाणी दिलं, कागद काढला सहीचा. मी तो डबा नेलेला बरोबर, अजून वापरते मी तो, त्यात तिच्यासाठी पोळी आणि बटाट्याची भाजी होती. तो टेबलावर ठेवला. ती वाट बघत होती. मशीनचा आवाज येत होता. मी बोलले, "मॅडम, हा डबा खोटा आहे." ती हसली, तिला वाटलं स्टीलबद्दल बोलतेय. मग मी सगळं सांगितलं. टाकी, पदर, दुसरा हात. मी एवढं सलग कधी बोललेले नाही. मधेच मला माझाच आवाज ऐकू आला आणि तो बरा होता.

मॅडमने तो सहीचा कागद उलटा करून ठेवला. मग कॉम्प्युटरवर ती दोन चित्रं उघडली आणि नुसती बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं पण ते तिने चष्म्याच्या आतच ठेवलं. "मूर्ख आहे मी," ती बोलली, "एवढं सेम असतं का कधी? मला पाहिजे होतं म्हणून मी विचारलंच नाही." सरांना बोलावलं. मला वाटलं ते ओरडतील. ते उभ्यानेच सगळं ऐकत होते, मग स्टूल ओढून बसले आणि मॅडमला बोलले, "बाकीच्या घरांचं काय दिसतंय?" ती बोलली, थोडं दिसतंय सर, पण एवढं नाही, तुम्हाला माहितीय. "मग थोडंच लिहायचं," सर बोलले. माझ्याकडे वळून बोलले, "घाबरू नका. काकींना सांगा, कुणी रागावलेलं नाही." जाताना त्यांनी मॅडमच्या टेबलावर दोनदा बोटं वाजवली आणि गेले. मग मॅडमने डबा उघडला आणि पोळी खाल्ली. थंड झालेली. सगळी खाल्ली.

त्यांच्याकडे असं पण मशीन आहे ज्याच्यावर कळतं की दोन रक्तं एकाच माणसाची आहेत की नाही. त्याला फार थोडं पुरतं. काकीला विचारून त्यांनी ते केलं. आई, तोपर्यंतचे दिवस मी मनात बोलायचे की काकीचं वय झालंय, काकी विसरली असेल, कदाचित तू नंतर गेली असशील एकटी, तिला न सांगता. मॅडमचा फोन आला. "एकच आहेत," ती बोलली. मी बरं बोलले आणि पोळी उलटली.

पप्पांना सांगणं सगळ्यात कठीण होतं. टेम्पोत बसूनच सांगितलं, शेजारी बसून, समोर बघत. त्यांनी गाडी बाजूला घेतली. मग बोलले, "म्हणजे आता कधीच कळायचं नाही." मी बोलले, नाही. ते मान हलवत राहिले. मग हळू आवाजात विचारलं, "सुईला घाबरायची ती?" मी बोलले, हो, टाकीमागे लपलेली. "मला नाही कधी बोलली," पप्पा बोलले. "तू झालीस तेव्हा किती सुया टोचल्या तिला. मी बाहेर उभा. मला बोलली, काही नाही, मुंगी चावते." आणि त्यांनी गाडी सुरू केली. त्या रस्त्याला अजून ते वळसाच घालतात. गुणगुणत नाहीत. पण परवा जेवताना त्यांनी तुझं नाव घेतलं. 'ती' नाही, नाव.

मॅडम आता सगळ्या जुन्या घरांमध्ये परत जातेय, सुरुवातीपासून. या वेळी ती स्वतः प्रत्येकीचं तोंड बघून नाव लिहिते. आपल्या घरातून काकीने दिलं आणि मी दिलं, आपापल्या नावाने. माझ्या दंडाला रबर बांधलं तेव्हा मी मोठ्याने बोलले, "मला भीती वाटते." सगळ्यांनी ऐकलं. शेजारची बाई बोलली, "अगं, मग आईला आठव, ती कशाला घाबरायची नाही." काकी आणि मी एकमेकींकडे बघितलं आणि गप्प बसलो. तेवढं तुझं आम्ही दोघी सांभाळतो. मला तू दुकानात परत पाठवलंस त्याचा आता राग नाही. म्हणजे होता, हे मला आत्ता कळलं. स्वतःचं तोंड स्वतः उघड म्हणणारी तू, आणि डब्यासाठी काकीला पाठवलंस. आई, मला ते इतकं आवडलं.

हे मी फोनमध्ये लिहितेय, काकी झोपलीय बाजूला, दुपारची. पाठवायला कुठे जागा नाही. एकच गोष्ट राहिली. ज्या दिवशी मी मॅडमला खरं सांगायला गेले, त्या दिवशी आधी मी तिला बोलले होते की नळी परत एकदा बघू दे. तिने दिली. मला तेव्हा माहीत होतं की ते काकीचं आहे. पूर्ण माहीत होतं. तरी मी ती हातात धरली, मॅडमने पाठ केली खोका लावायला तेव्हा गालाला लावली, मोजा काढून, भाजल्यासारखं झालं एवढी थंड, आणि हळूच आई म्हटलं. सही कर म्हणून तिने कागद पुढे केला तो त्याच्यानंतर. गालावर छोटा लाल डाग पडलेला, काकीने विचारलं तर मी तव्याचा चटका बसला असं सांगितलं.